डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही माझा पाय पुसलात

डॉक्टर,

गुरुवारी कांदा-लसूण मसाल्याचं एक पाकीट तुमच्या रिसेप्शनवर ठेवून आले. तुम्ही आत पेशंट बघत होतात, म्हणून थांबले नाही. खरं म्हणजे समोर आले असते तर रडले असते, आणि बाहेर बाकावर सात-आठ जणी बसल्या होत्या. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय ते मुद्दाम. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. माझंही घालत नाही, कारण आमच्या ह्यांना ते आवडणार नाही.

सिंहगड रोडला आमचं घरगुती मसाल्याचं काम आहे. मार्च ते मे नुसती मिरची. भाजायला बसलं की ठसका लागायचा आणि ठसका लागला की लघवी. आधी थेंबभर, मग परकर बदलावा लागेल इतकी. नऊ वर्षं. या नऊ वर्षांत मी फिक्या रंगाची साडी घेतली नाही. माहेरी कोल्हापूरला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. शिंक येतेय असं वाटलं की आधी भिंत शोधायची. हसताना एका पायावर दुसरा पाय घट्ट दाबून हसायला शिकले, आणि लोक म्हणायचे, काकू किती बेताच्या हसतात.

दाखवलं नव्हतं असं नाही. पहिल्या बाईंनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, "दोन बाळंतपणं झालीत ना? वयानं व्हायचंच." माझं वय तेव्हा पंचेचाळीस. दुसरे म्हणाले, गर्भपिशवी काढून टाकू, सगळी कटकटच मिटेल. त्या वर्षी मिरची महाग होती, हातात पैसा नव्हता, म्हणून पिशवी वाचली. खोकताना होणारी लघवी पिशवी काढून थांबत नाही, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं. तिसरं मोठं हॉस्पिटल होतं, लिफ्टमध्ये आरसे. तिथे म्हणाले, छोटीशी जाळी बसवायची, वीस मिनिटांचं काम, शुक्रवारी ॲडमिट व्हा. मी विचारलं, पुढे काही त्रास? तर म्हणे, "गूगल वाचून येत जाऊ नका."

मी गूगल वाचलंच नव्हतं. भाची इंग्लंडला असते, ती फोनवर म्हणाली होती, "मावशी, इकडे या जाळ्या थांबवल्यात, नीट विचारून घे." मी नीटच विचारत होते.

आणि मग तुम्ही. लघवी साठवून ठेवायला लावलीत, उभं केलंत आणि म्हणालात, खोका. मी लाजत जरासं खोकले. तुम्ही म्हणालात, "असं नाही काकू, मिरची भाजताना खोकता तसं." खोकले. फरशीवर सांडलं, डाव्या पावलावरून ओघळ गेला. माझे डोळे मिटलेले. मला वाटलं आता तुम्ही मावशींना हाक माराल, त्या फडकं घेऊन येतील, तोंड वाकडं करतील. तुम्ही हाक मारली नाहीत. कोमट पाण्यात कापूस बुडवून खाली उकिडव्या बसलात आणि माझं पाऊल पुसायला लागलात. घोट्यापासून खाली. मग बोटांमध्ये. जोडव्याखाली कापूस घालून तिथलंही पुसलंत. "जोडवी घट्ट झालीयत हो, पाणी राहतं आत," एवढंच बोललात. उठल्यावर हात धुता धुता म्हणालात, "दिसलं मला. तुम्ही सांगताय तसंच आहे."

सवाष्ण म्हणून माझे पाय आजवर पुष्कळ जणींनी धुतले असतील. ताम्हन, हळदकुंकू, सगळं रीतसर. पण तेव्हा पाय आधीच स्वच्छ असतात, डॉक्टर. तुम्ही माझ्या लेकीच्या वयाच्या. घरी आल्यावर मी ह्यांना ऑपरेशनचं काही सांगितलं नाही, आधी हेच सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, चहा टाकतो.

बाकी तुम्ही जे समजावलंत त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं असेल, पण बागेतला पाइप लक्षात राहिला. फरशीवरच्या पाइपवर पाय दिला तर पाणी थांबतं, चिखलातल्या पाइपवर दिला तर पाइपच खाली दबतो आणि पाणी चालू राहतं. माझ्या लघवीच्या नळीखालची फरशी गेली होती, इतकंच. जाळी म्हणजे त्या नळीखाली बांधलेली झोळी. रुंदीला परकराच्या नाडीएवढी, सेंटिमीटरभर. पॉलिप्रॉपिलीनची. मार्केट यार्डातून माझे धने ज्या पांढऱ्या पोत्यातून येतात, ती पोती त्याच जातीच्या प्लॅस्टिकची, हे ऐकून मी हसले होते (पाय दाबून).

भाचीचं सांगितलं तेव्हा तुम्ही मला गप्प नाही केलंत. उलट म्हणालात, भाची बरोबर बोलतेय. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये जाळ्या बसवणं थांबवलं, त्यात लघवीच्या पट्ट्याही, म्हणजे ही माझी झोळीही आली. २०२० मध्ये तिथल्या सरकारी चौकशीचा अहवाल आला, आणि बायका वर्षानुवर्षं दुखतंय म्हणून सांगत होत्या आणि त्यांचं कुणी ऐकलं नाही, हे त्यात लिहिलं गेलं. अमेरिकेत २०१९ मध्ये जी विक्री बंद करायला लावली ती अंग बाहेर येतं त्यासाठी खालून बसवायच्या मोठ्या जाळीची, लघवीची पट्टी तिथे चालू राहिली. दोन्हींना लोक जाळीच म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. स्वीडनच्या उल्मस्टेन डॉक्टरांनी १९९६ मध्ये ही पट्टी मांडली, तेव्हाच्या बायकांना १७ वर्षांनी परत बोलावलं तर तपासलेल्यांतल्या बहुतेक कोरड्या होत्या, हेही सांगितलंत. आणि लगेच दुसरी बाजू. पट्टी आतून घासून वर येऊ शकते, लघवी अडू शकते, नवऱ्याजवळ जाताना दुखू शकतं, मांडीत कळ राहू शकते. "आणि काकू, घालणं सोपं, काढणं अवघड. काढायची वेळ आली तर सगळी निघेलच असं नाही." हे वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात. आरशांच्या लिफ्टवाल्यांनी एकदा म्हटलं असतं तरी मी त्यांचे आभार मानले असते.

मग मला घरी पाठवलंत. तीन महिने व्यायाम कर म्हणून. चारचौघांत वारा अडवून धरतो तसं आतून आवळायचं, आठ वेळा, दिवसातून तीनदा. मी सिंहगड रोडच्या सिग्नलला केले, ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून. तिथे सिग्नल इतका वेळ लागतो की आठचे बारा व्हायचे. फरक पडला, खोटं कशाला बोलू. शिंकेचं थांबलं. ठसक्याचं नाही थांबलं, आणि माझं पोट ठसक्यावरच चालतं. परत आले तेव्हाही घाई केली नाहीत. पोटाच्या पडद्याची स्वतःचीच पट्टी काढून बसवता येते, त्याला चीर मोठी, बरं व्हायला वेळ जास्त, हेही समोर ठेवलंत. जाळी मी निवडली. सगळं ऐकून, माझ्या डोक्यानं. उद्या काही बिघडलंच तर मला फसवलं असं म्हणता येणार नाही, आणि ते मला बरं वाटतं.

ऑपरेशनचं काय लिहायचं, झालं. चार दिवस ओढ बसायची, मग गेली.

पॅड घ्यायचे तेव्हाचंही सांगते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधला पोरगा गर्दीत ओरडायचा, "काकू, म्हाताऱ्यांचे डायपर का?" पुढच्या चौकातल्या दुकानातले काका मात्र मला येताना बघून पाकीट आधीच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे आणि वर मिरचीचा भाव विचारायचे. दोघांच्या मालाची किंमत एकच. मी उन्हातनं चौकापर्यंत चालत जायची. माणसाला माणसासारखं वागवायला काही जास्तीचं लागत नाही हो, औषध नाही, मशीन नाही. फार तर खाली बसावं लागतं. आमच्या बचत गटात मी हे सांगितलं तर अकरा जणींतल्या चौघी नंतर एकेक करून मागे थांबल्या. एकीनं तर मुलीलाही सांगितलं नव्हतं. दोघी येतील तुमच्याकडे. एक सातारच्या बाजूची आहे, फार लाजते. तिला मिरचीचं सांगू नका, तिचं शिवणकाम आहे.

परवा या वर्षीची पहिली मिरची भाजली, संकेश्वरी. खिडक्या उघडल्या तरी घरभर धूर, खालच्या मजल्यावरचे सुद्धा खोकत होते. मलाही ठसका लागला, चांगला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हातातलं उलथनं तसाच ठेवून मी वाट बघत उभी राहिले. काही झालं नाही. परकर कोरडा. मी मुद्दाम परत खोकले. ह्यांनी बाहेरून विचारलं, बरं आहे ना? म्हटलं, आहे.

पाकिटातला मसाला त्याच घाण्याचा आहे. तिखट आहे, आमटीला अर्धाच चमचा घाला.

आणि जोडवी मी सैल करून घेतली.

तुमची,
मसालेवाली काकू