माझी गार झालेली भाकरी तीनदा बदलून देणाऱ्या सोलापूरच्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुम्ही हे वाचाल असं काही वाटत नाही, तुमचे हात दिवसभर पिठात. पण सोलापूरचं कोणीतरी वाचेल आणि नवी पेठेजवळच्या गल्लीतल्या त्या खाणावळीत जेवायला गेलं की सांगेल, म्हणून लिहितेय. मी ती डोंबिवलीची, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत आलेली. कडेवर बोंबलणारं पोरगं, खांद्यावर डायपरची पिशवी, मागे सासू सासरे नवरा, आणि माझा चेहरा बघून तुम्ही काय पाहिजे ते विचारायच्या आधी पाण्याचा तांब्याच पुढे केलेला. आठवलं तर आठवलं, तुमच्याकडे रोज शंभर माणसं येत असतील.

आमची ही लग्नानंतरची, म्हणजे बाळानंतरची पहिली ट्रिप. सासरे मूळचे सोलापूरचे, नातवाला एकदा सिद्धेश्वराची यात्रा दाखवायची असा त्यांचा हट्ट, आणि मी पण म्हटलं चला, अक्षता सोहळा बघू, मग अक्कलकोट, तुळजापूर, सगळं तीन दिवसांत. पावणेदोन वर्षांच्या पोराला घेऊन असा प्लॅन करणाऱ्या बाईला आता मीच हसते. रेल्वेत पाच वर्षांखाली तिकीट नाही म्हणून आम्ही खूश, पण तिकीट नाही तर बर्थ पण नाही, म्हणजे कल्याण ते सोलापूर साहेब माझ्या पोटावर झोपले आणि मी जागी. त्यात त्याच्या दाढा येत होत्या. दीड दिवस पोटात दूध आणि बिस्किटं सोडून काही नाही.

यात्रा मात्र भारी झाली, ते खोटं नाही बोलणार. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, ते सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, सासरे सांगत होते की हे गावातल्या ६८ लिंगांना जाऊन येतात, त्यांचे डोळे भरलेले. अक्षता पडायच्या वेळी सगळीकडून "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" सुरू झालं तेव्हा माझ्या पण अंगावर काटा आला, आणि नेमकं तेव्हाच पोरानं गर्दीत भोकाड पसरलं, त्यामुळे अक्षता मी टाकल्या त्या पाठमोऱ्या, पळता पळता.

आता तुमच्याकडे यायच्या आधीचं थोडं सांगते, राग गेलेला नाही म्हणून. आम्ही उतरलो होतो ते हॉटेल, नाव घेत नाही, बाहेर लिहिलेलं फॅमिली. सकाळी वाटीभर मऊ भात मागितला तर म्हणे राईस दुपारीच. दूध कोमट करून द्या म्हटलं तर मेन्यूत नाही. मेन्यूत! बाळाची खुर्ची होती एक, तिचा पट्टा तुटलेला, ती कोपऱ्यात कुंडी ठेवायला वापरत होते. आणि पोरानं ग्लास पाडला तर मॅनेजर येऊन अगदी गोड आवाजात, मॅडम बाळाला जरा बाहेर घेऊन जाता का, बाकीच्यांना डिस्टर्ब होतंय. बाकीचे म्हणजे मोबाईलवर मोठ्यानं व्हिडिओ लावून इडली खाणारे एक काका. मी बाहेर पायरीवर बसून अर्धा वडा खाल्ला, त्यातला पण अर्धा त्यानं टाकला. फॅमिली म्हणजे यांना नक्की कोण पाहिजे असतं, पंचवीस वर्षांची शांत मुलं असलेली?

तर अशी मी तुमच्याकडे आले होते.

पोराला तुम्ही जे केलंत त्याबद्दल तर आहेच. "कशाला रडलालंय लेकरू?" म्हणत भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून बिनतिखटाच्या वरणात बुडवून दिलात आणि त्यानं तो गपकन खाल्ला, दीड दिवस आम्ही तीन प्रकारची सिरीयल घेऊन मागे पळत होतो. मग वाटीच हिसकावून घेतली त्यानं, सोडेचना. सासरे लगेच सुरू, ही मंगळवेढ्याकडची ज्वारी, मालदांडी, हिची चवच वेगळी, वगैरे. असेल बाबा.

पण मला लिहायचंय ते दुसरंच. माझी भाकरी आली, गरम, फुगलेली, शेंगा चटणीवर दही. पहिला घास मोडला आणि पोरगं उठून रस्त्याकडे पळालं. धरून आणेपर्यंत भाकरी गार, वातड. मी तीच खायला लागले. मावशी, मी पावणेदोन वर्षं गारच खातेय, चहा गार, पोळी गार, मला त्यात काही वाटत पण नाही आता. तुम्ही तव्यावरून उठून आलात, माझ्या ताटातली ती भाकरी उचललीत, दुसरी ठेवलीत. "गार झालीया ती, ऱ्हाऊ दे." बस एवढंच. मग त्यानं वरण सांडलं, पुसेपर्यंत ती पण गार. तुम्ही परत आलात, परत उचलली, परत गरम. मी म्हटलं मावशी राहू दे, चालते मला, वाया जाईल. तर तुम्ही म्हणालात, "वाया कुठं जातीया, चुलीकडंला लावून कडक करते की. तू जेव." तिसऱ्यांदा भाकरीबरोबर पोराला पण उचललंत, कडेवर घेतलंत, आणि एका हातानं गिऱ्हाइकांना वाढत फिरलात.

माझ्या ताटाकडे असं तीन तीन वेळा कोणी बघितलं नव्हतं हो. सगळे विचारतात बाळानं खाल्लं का. सासूबाई विचारतात, आई फोनवर विचारते, नवरा विचारतो (तो वाईट नाही, त्याला गार झालेली भाकरी दिसत नाही एवढंच, त्याची गरम असते ना). मी रडले तेव्हा शेंगा चटणीचं नाव सांगितलं. नवऱ्याला पटलं. तुम्हाला नाही पटलं, तुम्ही दही वाढलंत पण माझ्याकडे बघून.

पैसे देताना तुम्ही हिशोब धरलात तो चार ताटांचा, बदललेल्या भाकऱ्यांचं काढलंच नाहीत. मी आग्रह केला तर हसून दुसऱ्या टेबलाकडे गेलात. हॉटेलच्या बिलात मात्र पडलेल्या ग्लासाचे पैसे लावलेले होते, वेगळी ओळ करून. माणसाचं मोठेपण खोलीच्या भाड्यावरून कळत असतं तर किती सोपं झालं असतं.

तुळजापूर रद्द केलं आम्ही. अक्कलकोटला गेलो, निवांत, त्याच्या झोपेच्या वेळा सांभाळून, आणि जाताना परत तुमच्याकडे यायचं ठरलं होतं पण गाडीला उशीर होईल म्हणून राहिलं, ते मनात आहे.

आणि हो, एक चोरी कबूल करायची आहे. डोंबिवलीला येऊन पिशवी उपसली तर डायपरच्या खाली तुमची वाटी निघाली, वरण वाळलेली. त्यानंच टाकली असणार. स्टीलची आहे, तळाला नाव कोरलंय, त्यावरूनच तर मला तुमचं नाव कळलं, विचारायचं सुचलंच नव्हतं. इथे लिहीत नाही. सध्या तो त्याच वाटीत वरण भाकरी खातो, दुसरी दिली तर फेकतो. भाकऱ्या माझ्या, त्यामुळे कडेला फाटलेल्या. पुढच्या गड्ड्याला वाटी घेऊन येतेय, पण त्याच्या हातातून सोडवायची कामगिरी तुमची.