वकीलपत्र घेऊ नका असा ठराव कशासाठी?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातला, किराणा दुकान आहे. परवा पेपरात वाचलं की अमुक गुन्ह्यातल्या आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असा ठराव एका गावात वकिलांनी केला, खाली सगळ्या कमेंट शाब्बास म्हणणाऱ्या. मला ते वाचवेना, कारण हे आमच्या घरात घडून गेलंय.

माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. त्याच्या गाडीखाली एक शाळकरी पोरगं गेलं. दारू पिऊन मुद्दाम अंगावर घातली असा बोभाटा झाला, रास्ता रोको झाला आणि सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. तालुक्याच्या कोर्टात चार वकिलांकडं गेलो, चौघांचं एकच, "ठराव झालाय, आम्हाला नाही घेता येणार." त्यातले एक तर आमच्या दुकानाचे गिऱ्हाईक, ते नजर चुकवून निघून गेले.

शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून साताऱ्याला जिल्हा कोर्टात विधी सेवाच्या, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी ऑफिसला गेलो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो हे मला 46 वर्षाच्या माणसाला तोवर माहीत नव्हतं. ज्या मॅडम मिळाल्या त्यांनी एफआयआर आणि पंचनामा बोट ठेवून दोनदा वाचला, तोंडातून शब्द नाही, मग वर बघून एवढंच विचारलं, "रक्ताचा रिपोर्ट कुठाय?" आमच्या कुणाच्या डोक्यातही ते आलं नव्हतं. पाठपुरावा करून त्यांनी तो कोर्टासमोर आणायला लावला, त्यात दारूचा अंश निघाला नाही, जामीन झाला. केस चालू आहे. चूक भावाची असेल तर शिक्षा होईल, ते मॅडमनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलंय, कोर्टात खोटं बोलायला मी येणार नाही म्हणाल्या.

त्या पोराचे वडील प्रत्येक तारखेला येतात, त्यांच्या बाजूनं सरकारी वकील उभे राहतात आणि राहिलेच पाहिजेत. पण दुसऱ्या बाजूला कुणीच नसेल तर तो रिपोर्ट मागणार कोण? पोलीस जे लिहितील तेच जज साहेब वाचणार.

घटनेच्या कलम 22 मध्ये अटक झालेल्याला आपल्या पसंतीचा वकील करायचा हक्क आहे. आरोपीबद्दल स्वतःचं मत काही असो, त्याचा बचाव करायचा असं बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या शिखर संस्थेच्या नियमातच आहे. असले ठराव बेकायदा आणि रद्दबातल आहेत असं सुप्रीम कोर्टानं 2010 लाच सांगितलंय, आणि अहो 26/11 च्या कसाबला सुद्धा वकील दिला होता की! कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे तिथं बसणारं खंडपीठ, व्हावं म्हणून आपल्या सातारा सांगलीकडच्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, 18 ऑगस्ट 2025 ला ते सुरू झालं, लोकांना न्याय जवळ मिळावा म्हणूनच ना? मग त्याच काळ्या कोटानं तालुक्यात माणसाला दारातनं परत का लावावं?

माझी हात जोडून विनंती आहे, वकिलांच्या ज्या संघटनांनी असे ठराव केलेत त्यांनी ते मागं घ्यावेत. आणि ज्यांच्या घरचं कुणी आत आहे त्यांनी दारोदार फिरत बसू नका, विधी सेवाच्या 15100 नंबरला फोन लावा नाहीतर सरळ जिल्हा कोर्टातल्या विधी सेवाच्या ऑफिसात जा, साध्या कागदावर अर्ज चालतो.

आपला,
एक वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा