डिझेल बचतीच्या खोट्या दाव्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : आपल्या डिझेल बचत उपकरणाचा दिशाभूल करणारा दावा व पूर्ण किंमत परत मिळणेबाबत

महोदय,

आंब्याच्या हंगामात देवगडहून वाशीच्या बाजार समितीत हापूसच्या पेट्या पोचवण्यासाठी मी स्वतःची बीएस-6 डिझेल पिकअप चालवतो. पेटीमागे भाडे आधीच ठरलेले असल्यामुळे डिझेलचा प्रत्येक जादा लिटर माझ्याच खिशातून जातो. आपल्या खोक्यावर ‘20 टक्के डिझेल बचत’ असे ठळक छापले आहे आणि ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले गाडीतला बिघाड तपासायला यंत्र जोडतात त्या जागी) बसवल्यावर हे उपकरण चालकाच्या सवयी ओळखून इंजिनाच्या संगणकात आपोआप बदल करते, असे माहितीपत्रकात म्हटले आहे. त्यावर विश्वास ठेवून मी ते विकत घेतले.

त्यानंतर दर खेपेला एकाच पंपावर टाकी फुल करून मी हिशेब ठेवला. भरल्या गाडीचे लिटरमागे 12 किलोमीटरच्या आसपासचे अ‍ॅव्हरेज जिथल्या तिथे राहिले. आपल्या सेवा केंद्राला फोन केला असता ‘वेग कमी ठेवा, टायरमधली हवा तपासा, एअर फिल्टर साफ करा, मग फरक दिसेल’ असे सांगण्यात आले. माझा खरा आक्षेप या उत्तरालाच आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 60 ऐवजी 80 किलोमीटरने गेल्यास तो सुमारे पाऊणपट वाढतो, आणि पेट्यांची थप्पी केबिनच्या वर गेली असेल व ताडपत्री सैल असेल तर आणखीच. ताडपत्री आवळून बांधल्याने, वेग आवरल्याने आणि बाजाराबाहेरच्या रांगेत इंजिन बंद ठेवल्याने जे डिझेल वाचते, ते उपकरणाशिवायही वाचते. ती चालकाची मेहनत आहे आणि ती आपल्या उपकरणाच्या नावावर खपवणे सरळ फसवणूक आहे.

शेवटी मी ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून उघडून घेतले. गाडीच्या संगणकाशी संदेशांची देवाणघेवाण सॉकेटच्या 6 आणि 14 क्रमांकाच्या पिनांवरून होते. त्या दोन्ही पिना आतल्या चिपला जोडलेल्याच नाहीत. बॅटरीचा करंट तेवढा आत येतो आणि त्यावर दिवे लुकलुकतात. छायाचित्रे व मूळ बिलाची प्रत सोबत जोडली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन बचतीची शंभराहून अधिक उपकरणे तपासली असून एकानेही मायलेजमध्ये लक्षणीय वाढ केल्याचे आढळले नाही. आपले उपकरण याला अपवाद असेल, तर त्याच्या चाचणीचा अहवाल मला पाठवावा.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत पूर्ण किंमत परत करावी आणि खोक्यावरील दावा काढून टाकावा. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यात येईल, तसेच दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार असलेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही तक्रार केली जाईल. उत्तर लेखी द्यावे.

कळावे,
आपला ग्राहक,
पिकअप मालक व चालक, देवगड