आधी सही, मग वाचन: केंद्रीय वाणिज्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारावर 24 जुलै 2025 ला सही झाली आणि करार त्यानंतर आम्हाला वाचायला मिळाला. एक स्वल्पविरामही हलणार नाही अशा कागदावर आता मत द्यायचे! ‘संबंधितांशी सल्लामसलत झाली’ हे ठरलेले उत्तर ठाऊक आहे. संबंधितांत खासदार येतात का, एवढेच सांगा.

ब्रिटनमध्ये 2010 च्या कायद्यानुसार करार पक्का होण्याआधी 21 बैठक-दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो, आणि कॉमन्स सभागृह तो अडवून धरू शकते. म्हणजे आपल्याच कराराची छाननी करायला तिकडचा खासदार आपल्या खासदारापेक्षा अधिकारवान!

इकडे संविधानाच्या संघसूचीतली (केंद्राच्या विषयांच्या यादीतली) 14 वी नोंद परकीय करारांचा विषय संसदेकडे देते. पण कार्यपद्धतीचा कायदाच नाही, म्हणून केंद्र सरकारला कारभाराचा अधिकार देणाऱ्या कलम 73 च्या आधारे मंत्रिमंडळ सही करून मोकळे. संविधान आढावा आयोगाने 2002 मध्येच असा कायदा करा म्हटले होते. मग सीमाशुल्क कायदा, 1962 च्या शुल्कमाफीचा अधिकार सरकारला देणाऱ्या कलम 25 खाली अधिसूचना निघते, शुल्क उतरते आणि कागद त्याच कायद्याच्या कलम 159 नुसार सभागृहात येतो. वरातीमागून घोडे. व्हिस्कीवरचे 150 टक्के शुल्क आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्के करायचे ठरले; त्यावर किती खासदारांनी हात वर केला?

शेती हा राज्यसूचीतला विषय. तिथेही नोंद 14 वीच, योगायोग पाहा. पण करार अमलात आणण्यासाठी संसदेला कोणत्याही विषयावर कायदा करू देणाऱ्या कलम 253 पुढे राज्यांना विचारतो कोण?

न वाचता सही करण्याची किंमत आपण मोजली आहे. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या दाव्यावरील 2011 च्या लवाद-निवाड्यात ऑस्ट्रेलियाशी केलेल्या गुंतवणूक करारात नसलेले संरक्षण, ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ (एका देशाला दिलेली सवलत दुसऱ्यालाही) या कलमाची शिडी लावून, कुवेतच्या करारातून उचलले गेले. आपण हरलो. 2016 च्या नमुना गुंतवणूक करारात ते कलम गाळले आणि लवादाकडे जाण्याआधी पाच वर्षे इथल्या न्यायालयांत दाद मागण्याची अट घातली. 2024 च्या अमिरातीबरोबरच्या गुंतवणूक करारात पाचाची तीन वर्षे झाली. का झाली, हे कोणत्या सभागृहात सांगितलेत?

आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाबरोबरचा व्यापार करार 2010 पासून लागू आहे. फेरआढाव्याचा मुहूर्त 2023 मध्ये निघाला. चुकीचे कलम निस्तरायला इतकी वर्षे जातात, मग सहीआधी आम्ही साठ दिवस मागितले तर घाई कसली?

मागणी एवढीच: मसुदा, शुल्कसवलतींचे तक्ते आणि मूळदेशाचे नियम (माल कोणत्या देशाचा धरायचा याचे) सहीआधी साठ दिवस संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीकडे द्या, आणि शेतीचे तक्ते राज्यांना पाठवा. गुप्त ठेवायचे ते समितीत बंद दाराआड वाचू द्या. पण वाचू द्या.

एक नागरिक