जुना टब: स्वतः रंगवायचा की कारागिराला द्यायचा?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

टबचे फोटो नीट पाहिले. ठोकल्यावर पत्र्यासारखा न वाजता बद्द आवाज येतो म्हणतोस, चुंबकही धरतो. म्हणजे टब बिडाचा आहे. न्यू जर्सीतल्या तुझ्या घरासारख्या जुन्या घरांत ते असतातच. तो उखडायचा विचार आधी डोक्यातून काढ. पाच फुटी बिडाचा टब सहज १४० किलो भरतो. तो काढायचा म्हणजे भोवतालच्या फरशा फोडायच्या आणि नळकामालाही हात घालायचा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे. मूळ इनॅमल म्हणजे काचेची भुकटी भट्टीत ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास लोखंडावर वितळवून बसवलेला थर. तो न्हाणीघरात कोणालाच पुन्हा देता येत नाही. तू कर किंवा कारागिराला दे, टबवर चढणार तो रंगच: एपॉक्सी नाहीतर ॲक्रिलिक युरेथेन. काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर तो धरेल की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.

म्हणून सगळ्यात आधी हा टब पूर्वी कोणी रंगवलाय का ते बघ. वरच्या ओव्हरफ्लोचं, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या भोकाचं, झाकण काढ आणि आतल्या कडेवर ब्लेड हलकेच घास. मूळ इनॅमल ब्लेडला दाद देत नाही; रंग असेल तर त्याचे पापुद्रे निघतात. तसं निघालं तर तू यात पडू नकोस, कारागीरच बोलव. सुटत चाललेल्या थरावर नवा रंग दिला की तो जुन्यासकट निघतो, आणि जुना काढणं हे या कामातलं सगळ्यात धोक्याचं. त्यासाठी मिथिलीन क्लोराइड वापरत. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती टबमध्येच साचते आणि टबात वाकलेला माणूस तीच श्वासात घेतो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणांनी २०१३ च्या इशाऱ्यात २००० पासून टबच्या कामात असे किमान १४ कामगार दगावल्याचं नोंदवलं आहे. २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना हे रंग काढायचं रसायन विकायला तिथे बंदी आली. कोणाच्या गॅरेजमध्ये जुना डबा सापडला तरी हात लावू नकोस.

मूळ इनॅमल शाबूत असेल, चारदोन टवके आणि ड्रेनपाशी थोडा गंज एवढंच असेल, तर टब रंगवायचं तयार किट आणून स्वतः करण्यासारखं आहे. यातला बराचसा वेळ तयारीतच जातो आणि जायलाच हवा. कडेच्या फटीत भरलेलं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढ. डोळ्याला न दिसणारा त्याचा तवंग राहिला तरी रंग तिथे माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. ड्रेनची पितळी चकती सहज फिरली तर काढ. जुनी घट्ट बसली असेल तर जोर लावू नकोस, खालचा पाइप तुटतो. तिथे टेप लाव. मग घासायच्या पावडरीने साबणाचा थर काढ, क्षार लिंबूसत्त्वाच्या पाण्याने काढ, भरपूर धू. टवके दोन भागांच्या एपॉक्सी पुटीने भर आणि सुकल्यावर सपाट कर. शेवटी ४०० नंबरचा वॉटर पेपर ओलाच फिरव, सगळी चमक मरेपर्यंत. कोरडं घासू नकोस, कारण जुन्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ घरभर होते.

नळ ठिबकत असेल तर वॉशर आधीच बदल. रंगावर पडलेला एक थेंबही डाग सोडतो. टब पूर्ण कोरडा झाल्यावर रंगात हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा भाग) मिसळ आणि फोमच्या रोलरने पातळ हात दे. तासाभराने दुसरा. जाड दिलास तर उभ्या बाजूंवर ओघळतो. त्यानंतर साधारण तीन दिवस पाणी लागू द्यायचं नाही. किटावर लिहिलेली वेळ अखेरचा शब्द मान. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा हवा, तोंडाला सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मास्क. कापडी मास्क इथे निरुपयोगी. गॅसच्या गीझरची ज्योतही विझवून ठेव, वाफ पेट घेते.

किट साधारण ३० ते १५० डॉलरला मिळतं. कारागीर ३०० ते ६०० घेतो, जुना थर काढायचा असेल तर आणखी. पण तो स्प्रेने देतो, त्यामुळे थर एकसारखा बसतो. नीट केलेलं त्याचं काम दहाएक वर्षं टिकतं. रोलरचं तीन ते पाच वर्षांत सुटू लागतं. मुलं रोज त्याच टबात आंघोळ करणार असतील तर माझं मत स्पष्ट आहे: कारागीर. पाहुण्यांच्या खोलीतला असेल तर किट आण.

कारागिराला ठरवताना भावाआधी तीन गोष्टी विचार. रंग धरावा म्हणून काय वापरता, आम्ल की सिलेनचं प्रायमर? हायड्रोफ्लोरिक आम्ल असेल तर ते घरात कसं हाताळणार? वाफ पाइपने घराबाहेर काढणार का? ‘खिडकी उघडी ठेवतो’ एवढंच उत्तर देणारा नको. युरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो. त्या दिवशी वहिनी आणि मुलांना दुसरीकडे पाठव. हमी लेखी घे, आणि रंग सोलला तर तो हमीत येतो का ते त्यात वाच.

पुढे टबात चोषक पायांची रबरी चटई टाकू नकोस, ती रंग ओढून काढते. घासायची पावडरही बंद. पातळ साबण आणि मऊ कापड पुरे.

ओव्हरफ्लोचं झाकण काढलंस की आतल्या कडेचा आणि ड्रेनभोवतीच्या गंजाचा जवळून फोटो पाठव. गंज स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघ. टोक आत गेलं तर रंगावर एक डॉलरही घालू नकोस, आधी प्लंबरला दाखव.

तुझा,
मिलिंद