बोटं आखडतात म्हणालीस

मखमलाबाद, नाशिक

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, सकाळी बोटं आखडतात, टायपिंग फार होतंय. तेव्हापासून मला चैन नाही. मीही असंच म्हणायचे, द्राक्षांची विरळणी फार झाली.

आठवतं, डिसेंबरच्या थंडीत मी कोमट पाण्यात हात धरून बसायचे? घडातले जादा मणी काढायच्या त्या छोट्या कात्रीत अंगठा जाईना. दहा वाजेपर्यंत मूठ वळत नसे. बागेतल्या बाकीच्या बायकाही तीच कात्री चालवायच्या. त्यांची बोटं संध्याकाळी दुखायची, रात्री झोपल्या की बरी. माझी झोपेनंतरच जास्त धरायची आणि कामाला लागलं की सैल पडायची. तीही दोन्ही हातांची. कात्री तर मी उजव्याच हातात धरते! एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही. दीड वर्ष दुखण्याच्या गोळ्यांवर काढलं, मग कळलं की हा आमवात.

आपली प्रतिकारशक्ती जंतू ओळखून मारते. इथे ती ओळखच चुकते. निंदायला आलेली नवखी बाई तणाबरोबर रोपंही उपटते ना, तसं. आमवातात ती सांध्याच्या आतल्या मऊ अस्तरावरच उठते. अस्तर सुजतं, जाड होतं, मग कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. तुझ्या मावशीचं थायरॉईड याच चुकीने गेलं. कुणाच्या स्वादुपिंडात हे होतं, मग लहानपणापासून इन्सुलिन घ्यावं लागतं. सूज औषधाने उतरते गं, पण झिजलेलं हाड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. माझी करंगळी वाकडी राहिली ती त्या दीड वर्षामुळे.

आता आमवाताची गोळी, मेथोट्रेक्सेट, चालू आहे, आठवड्यातून एकदाच, रविवारी. कॅलेंडरवर खूण करते, कारण ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. यंदा मी पुन्हा विरळणीला बसले.

आईला आहे म्हणजे लेकीला होतंच असं नाही, पण शक्यता थोडी वाढते. तेव्हा संधिवाताच्या डॉक्टरांनाच दाखवायचं. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, आमवाताच्या या दोन्ही रक्ततपासण्या करू. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून सोडायचं नाही, माझाही पहिल्यांदा निगेटिव्हच होता.

उद्या उठलीस की घड्याळ बघ, मूठ पुरती वळायला किती वेळ लागतो. रोज वहीत लिही, डॉक्टर तेच आधी विचारतील. वही घेऊन शनिवारी ये. पप्पा नाशिकच्या द्वारका चौकात घ्यायला येतील.

तुझी,
आई