धक्क्यावरून पत्र

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं की नोकरी गेलीये आणि तू रोज सकाळी धक्क्यावर जाऊन रंगवतेस काय, तेव्हा मला नीट सांगताच आलं नाही, म्हणून लिहितेय.

इथे सध्या निम्म्या क्रेन बंद आहेत आणि माल नाही म्हणून जहाजं नुसती उभी आहेत. बाबा, रिकामं जहाज पाण्यातून किती वर येतं! एरवी पाण्याखाली असणारा लाल रंगाचा पट्टा सगळा उघडा पडतो, त्यावर वाळलेलं शेवाळ, कालवं चिकटलेली. मी सवयीने जहाज खोल बसलेलं काढलं होतं, तर एक कामगार मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, हे तर भरलेलं काढलंय तुम्ही. घरी येऊन सगळा रंग खरवडला आणि परत काढलं. आता तो लाल पट्टाच चित्रात सगळ्यात आधी दिसतो, आणि खाली पाण्यात त्याचं लांब, थरथरणारं प्रतिबिंब. गोदीचं पाणी निळं नसतंच गं आई, करडं-हिरवं असतं, वर तेलाचा तवंग.

१९३३ च्या मंदीत अमेरिकेत सरकारने चित्रकारांना आठवड्याचा पगार देऊन आजूबाजूचं जगणं रंगवायला सांगितलं होतं. जेमतेम सहा-सात महिने चाललं ते, पण ३,७०० च्या वर चित्रकार आणि १५,००० हून जास्त कामं! त्यातल्याच रे स्ट्राँगने १९३४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल अर्धवट बांधलेला असतानाच काढला आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने ते चित्र व्हाइट हाउसमध्ये लावलं. मला कोणी पगार देत नाहीये हे कळतं मला, दुपारी घरी येऊन रोज अर्ज भरते, खरंच. पण हे दिवस कसे दिसत होते ते कोणीतरी काढून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं आणि मला ते येतं.

तो कामगार रोज सात वाजता काम आहे का विचारायला येतो, दहापर्यंत थांबतो, मग जातो. तुमचं चित्र काढू का विचारलं तर म्हणाला, क्रेन चालू असेल तेव्हा काढा. त्याची जागा मी कॅन्व्हासवर मोकळी ठेवलीये.

आई, बाबांचे जुने सुती शर्ट फेकू नकोस, ब्रश पुसायला हवेत.

तुमची,
ताई